नवे सुपरवायझर झालात? वर्कशॉपमधली माणसं कामात रमावीत म्हणून काय करायचं

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी आधी व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटर होतो, मग सेटर (मशीन जॉबसाठी लावून देणारा) झालो आणि एका सोमवारी सकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "उद्यापासून शिफ्ट तू बघ." हाताखाली चौतीस माणसं आली. बावीस कंपनीची, बारा ठेकेदाराची. मशीन कशी चालवायची हे मला येत होतं. माणसं कशी सांभाळायची हे कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मी जे करायला नको ते सगळं केलं. महिन्याचा उत्तम कामगार निवडला, त्याचा फोटो बोर्डावर लावला, वर्धापनदिनाला क्रिकेटचे सामने ठेवले. त्याच वर्षी दिवाळीनंतर तीन महिन्यांत पाच जण सोडून गेले. त्यातले एक फिटर मामा, चौदा वर्षं जुने. शेवटच्या दिवशी लॉकर रिकामा करताना ते शांतपणे म्हणाले, "अरे, माझ्या बाकावरचा पंखा बंद आहे म्हणून मी तुला फेब्रुवारीत सांगितलं होतं. नाही होणार म्हणाला असतास तरी चाललं असतं. तू काहीच म्हणाला नाहीस." तेव्हा डिसेंबर चालू होता.

खाली जे लिहिलंय ते त्या दिवसानंतर शिकलेलं. तुमचं शॉप दहा माणसांचं असो की साठ, नव्याने जबाबदारी आली असेल तर या क्रमाने चला. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण सहाव्या-सातव्या पायरीपासून सुरुवात करतात आणि मग माणसं खूश का नाहीत याचं कोडं सोडवत बसतात.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- दोनशे पानी वही, पुठ्ठ्याच्या बांधणीची. मोबाइलमधली नोंद चालणार नाही. का ते पुढे सांगतो.
- मागच्या बारा महिन्यांची हजेरी आणि रजेचे अर्ज.
- मागच्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांची यादी: कधी आले, कधी गेले, कुठल्या मशीनवर होते.
- रिजेक्शन (बाद झालेले पीस) आणि रीवर्कचं (पुन्हा दुरुस्त केलेले पीस) रजिस्टर.
- एक कोरी पगार स्लिप, सगळे रकाने असलेली.
- सण आणि तिथी दाखवणारं मोठं भिंतीवरचं कॅलेंडर.
- तुमच्या लोकांची गावं. कागदावर नसतील तर विचारून घ्या. याचा उपयोग पाचव्या पायरीत होईल.

१. पहिले पंधरा दिवस फक्त बघा

पदभार घेतल्याबरोबर नवे नियम लावू नका. पंधरा दिवस पाळी सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी या आणि शॉपभर फिरा. पाणी कुठून भरतात, डबा कुठे बसून खातात, व्हर्निअरसाठी (माप घ्यायचं साधन) कोण कुणाकडे जातो, रात्रपाळीत चहा मिळतो का, संडासाच्या दाराला कडी आहे का, हे सगळं बघा.

सोडून गेलेल्यांच्या यादीत शक्यतो एखादी जागा वारंवार दिसेल. आमच्याकडे कोपऱ्यातल्या एका जुन्या लेथवर दोन वर्षांत चार ऑपरेटर बदलले होते. सगळ्यांना वाटायचं, नवी पोरं टिकत नाहीत. मी त्या मशीनवर सलग तीन दिवस उभा राहिलो तेव्हा कळलं: कूलंटची (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) गळती होती, पायाखाली कायम ओलं असायचं आणि बूट वर्षातून एकच जोड मिळायचा. दोष पोरांचा नव्हता.

२. आधी खुपणारे काटे काढा

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरात फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट यांना दोनच गोष्टी विचारल्या: कामात तुम्हाला फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं? उत्तरांतून त्याने मांडलं की माणूस नाराज ज्या गोष्टींनी होतो त्या वेगळ्या आणि समाधानी ज्या गोष्टींनी होतो त्या वेगळ्या. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे नियम यांत गडबड असेल तर माणूस वैतागतो. त्या नीट केल्या की वैताग जातो, पण तेवढ्याने उत्साह येत नाही. उत्साह येतो काम स्वतः पूर्ण केल्याने, त्याची दखल घेतली गेल्याने, जबाबदारी मिळाल्याने आणि पुढे सरकल्याने. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली, पण शॉप फ्लोअरवर मला ती रोज खरी होताना दिसली. पंखा बंद असताना लावलेला फोटो त्या फिटर मामांना टोचला असणार.

म्हणून आधी काटे. आमच्याकडे निघालेल्या पहिल्या यादीत हे होतं: बंद पंखे तीन, तुटलेले लॉकर सहा, थंड पाण्याचा एकच नळ, रात्रपाळीला चहा नाही, स्टोअरमधून इन्सर्ट (कापायच्या हत्याराचं बदलायचं पातं) घ्यायला चाळीस मिनिटं थांबावं लागतं, आणि बायकांना कपडे बदलायला जागा नाही.

यादी हातात आली की तिचे तीन भाग करा. जे तुम्ही स्वतः आज करू शकता, ज्याला मालकांची सही लागते, आणि जे या वर्षी होणार नाही. पहिल्या भागातली दोन कामं त्याच आठवड्यात करून टाका. इन्सर्टचा प्रश्न आम्ही एका छोट्या कपाटाने सोडवला: प्रत्येक पाळीच्या सेटरकडे किल्ली, आत आठवडाभराचा साठा, दारावर नोंदीचा कागद. खर्च जवळजवळ शून्य. पण "आमच्यावर विश्वास टाकला" हे वाक्य मी त्या कपाटामुळे पहिल्यांदा ऐकलं.

बायका कामावर असतील तर संडास आणि कपडे बदलायची जागा यादीत सगळ्यात वर ठेवा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते. तिच्या सदस्यांची नावं बोर्डावर लावा. नुसती फाइल असून भागत नाही, कुणाकडे जायचं हे प्रत्येकीला माहीत हवं.

सापळा: काटे काढताना उपकाराची भाषा वापरू नका. "बघा, मी तुमच्यासाठी पंखा लावून घेतला" हे वाक्य केलेल्या कामावर पाणी ओततं. पंखा असायलाच हवा होता.

३. वही आणि आठ दिवसांचं उत्तर

हा माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा आहे. बाकी काही जमलं नाही तरी हे करा.

कुणीही काहीही सांगितलं, तक्रार, मागणी, सूचना, की ते त्याच्यासमोर वहीत लिहायचं. तारीख, नाव, मुद्दा. शेजारी एक रकाना रिकामा सोडायचा: उत्तर. आठ दिवसांच्या आत त्या माणसाकडे स्वतः जायचं आणि उत्तर द्यायचं. उत्तर तीनच प्रकारचं असतं: झालं, अमुक तारखेला होईल, होणार नाही, आणि का होणार नाही. मग त्या रकान्यात लिहून त्याला दाखवायचं.

मोबाइल का नको, तर तुम्ही मोबाइल काढून टाइप करायला लागलात की समोरच्याला वाटतं तुमचं लक्ष दुसरीकडे गेलं. वहीत लिहिताना त्याला आपलं नाव उमटताना दिसतं. दुसरं, वही टेबलावर असते. कुणीही उघडून बघू शकतो की मागच्या महिन्यात काय सांगितलं होतं आणि त्याचं काय झालं.

पहिल्या महिन्यात माझ्या वहीत ४१ नोंदी झाल्या. अर्ध्याहून जास्त अशा होत्या की ज्यांना शंभर-दोनशे रुपयांपेक्षा जास्त खर्च नव्हता. सात गोष्टींना मला "नाही" म्हणावं लागलं. मला वाटत होतं माणसं चिडतील. एक जण चिडला. बाकीच्यांनी मान डोलावली आणि कामाला लागले. सहा महिने लटकत ठेवलेलं "बघतो" माणसाला जेवढं झिजवतं, तेवढं स्पष्ट "नाही" झिजवत नाही.

दोन सापळे. एक, नावाशिवाय आलेली तक्रार नाकारू नका. पाळीच्या शेवटी कुणी चिठ्ठी सरकवली तर तीही वहीत चिकटवा. पण एखाद्या माणसाविरुद्धची किंवा खाजगी तक्रार या उघड्या वहीत कधीही लिहायची नाही. ती वेगळी, कुलपात. दुसरा सापळा: उत्तर द्यायचं काम दुसऱ्यावर सोपवू नका. ज्याने ऐकलं त्यानेच परत जायचं.

४. पगार समजावून सांगा

पगार वाढवणं बहुधा तुमच्या हातात नसतं. पण असलेला पगार माणसाला नीट कळावा, वेळेवर मिळावा, एवढं तर तुमच्या हातात असतं. निम्मी कुरबूर इथेच असते.

मी वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, पाच-सहा जणांचे गट करून पगार स्लिप फळ्यावर काढतो. उदाहरण असं. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये. त्याचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, पीएफला (भविष्य निर्वाह निधीला) कापले जातात. कंपनीही तेवढेच भरते, पण तिच्या भागातले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात आणि ५५० पीएफमध्ये. म्हणजे पीएफ खात्यात दर महिन्याला २,३५० जमा झाले पाहिजेत. आता सगळ्यांनी मोबाइल काढा, उमंग अॅप उघडा, पासबुक बघा. जमा दिसतंय का?

ईएसआयचंही (कामगार राज्य विमा) तसंच. एकूण पगार १८,००० असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये जातात आणि कंपनी ३.२५ टक्के म्हणजे ५८५ भरते. "हे १३५ कशाला कापता?" हा प्रश्न मला दरवर्षी यायचा. मग मी सांगायला लागलो: फक्त तुझ्यासाठी नाही, तुझ्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या उपचारांसाठीही. आणि तू आजारी पडून घरी राहिलास तर, अटी पूर्ण असतील तर, वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. आमच्यातल्या एका हेल्परचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने हे पैसे घेतले. त्यानंतर कपातीबद्दल कुणी विचारलं नाही.

या बैठकीला प्रत्येकाने सोबत आणायची कागदपत्रं:

- आधार, पॅन आणि बँक पासबुक, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते बघायला
- यूएएन क्रमांक (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे याची खात्री
- ईएसआयचं कार्ड किंवा विमा क्रमांक, त्यात घरच्यांची नावं घातली आहेत का
- पीएफच्या ई-नॉमिनेशनसाठी वारसाचं आधार आणि फोटो

शेवटच्या ओळीकडे दुर्लक्ष करू नका. नोकरीत असताना सदस्य दगावला तर पीएफशी जोडलेल्या विमा योजनेतून घरच्यांना ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. वारस नोंदवलेला नसेल तर त्याच घरच्यांना कागदांसाठी महिनोन् महिने फिरावं लागतं. चौतीसपैकी एकोणतीस जणांचं नॉमिनेशन आम्ही एका गुरुवारी सुट्टीच्या दिवशी बसून भरलं. त्या दिवशी मला वाटलं, सुपरवायझर म्हणून आज काहीतरी केलं.

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. ओव्हरटाइम दुप्पट दराने. प्रत्येकाला नेमणूकपत्र हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांनुसार तर ते द्यावंच लागतं. या तीनपैकी एकात जरी कंपनी कमी पडत असेल तर उत्साहाच्या गोष्टी बोलू नका. आधी मालकांकडे जाऊन हे सांगा. कठीण आहे, मला माहीत आहे. मी बोललो तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं. कागदावर आकडे मांडून गेलो होतो: एक प्रशिक्षित ऑपरेटर गेला की नवा तयार होईपर्यंत किती जॉब रिजेक्ट होतात. तो कागद उपयोगी पडला.

बोनसबद्दल एकच. पात्र कामगारांना किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो. आकडा काय असेल ते दिवाळीच्या निदान पंधरा दिवस आधी सांगा. माणसाने घरी कबूल केलेलं असतं, कपडे, किराणा, गावी जायचं तिकीट. शेवटच्या दिवशी पाकिटात कळलं तर चांगली रक्कमही अर्धी वाटते.

५. रजेचा तक्ता

रविवारची सुट्टी आपल्याकडे गिरणी कामगारांनी लढून मिळवली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना आठवड्याची सुट्टी मिळाली. पण पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आठवड्याची सुट्टी असते गुरुवारी. मुलांची शाळा रविवारी बंद, बापाचं शॉप गुरुवारी. एका ऑपरेटरने वहीत लिहायला सांगितलं होतं: "मुलीबरोबर पूर्ण दिवस घालवून आठ महिने झाले." त्यावर आम्ही प्रत्येकाला महिन्यातून एक रविवार पाळीपाळीने बदली सुट्टी म्हणून द्यायला लागलो. उत्पादन कमी झालं नाही, कारण एका रविवारी सात-आठ जणच जातात. मागच्या दहा वर्षांत मी केलेल्या बदलांपैकी सगळ्यात जास्त आभार मला याचे मिळाले, आणि तेही घरच्यांकडून.

आता मोठ्या रजा. इथे गावांची यादी काढा. आमच्याकडे लातूर, बीड, धाराशिव, सोलापूरकडची माणसं आहेत, चार कोकणातली, सहा बिहार-उत्तर प्रदेशची. कोकणातल्याला गणपतीला जायचंच असतं आणि शिमग्याला जमलं तर हवं असतं. मराठवाड्यातल्याला गावची जत्रा असते, बहुतेक चैत्र-वैशाखात, आणि जूनमध्ये पेरणी. बिहारच्या मुलांना छठ, जी दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते. आषाढीला दोघे-तिघे वारीत चालतात.

हे सगळं दरवर्षी येतं, तरी दरवर्षी सुपरवायझर चकित होतो आणि माणूस खोटं कारण सांगून दांडी मारतो. खोटं बोलायला लागलं की माणसाचा स्वतःवरचाच मान कमी होतो. परत आल्यावर तो नजर चुकवतो.

म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भिंतीवर कॅलेंडर लावा आणि प्रत्येकाला वर्षातल्या दोन हक्काच्या रजा तारखांसह स्वतःच्या हाताने लिहायला सांगा. नियम मांडून ठेवा:

- एका वेळी एका विभागातून तीनपेक्षा जास्त नाही
- तारखा आदळल्या तर मागच्या वर्षी ज्याला मिळाली नाही त्याला आधी
- लिहिलेली रजा कंपनीने रद्द करायची नाही, ग्राहकाची कितीही घाई असली तरी
- घरातल्या आजारपणासाठी आणि मृत्यूसाठी कॅलेंडर लागत नाही, फक्त फोन

तिसऱ्या नियमाची कसोटी पहिल्याच वर्षी लागली. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मोठी ऑर्डर आली. मालक म्हणाले, सगळ्यांना थांबवा. मी म्हटलं, चौघांना शब्द दिलाय. त्या आठवड्यात मराठवाड्यातल्या मुलांनी आपण होऊन जादा पाळ्या केल्या, कारण त्यांची जत्रेची रजा एप्रिलमध्ये पाळली गेली होती. ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली, पण गेली.

सापळा: हजेरीचं बक्षीस. पूर्ण महिना हजर राहिला तर पाचशे रुपये, अशी योजना आम्ही चालवून बंद केली. ताप अंगावर काढून माणसं मशीनवर उभी राहायला लागली. एकाचं बोट थोडक्यात वाचलं.

६. एकेकाशी बोला, आणि कमी बोला

तीन महिन्यांतून एकदा प्रत्येकाशी वीस मिनिटं. चौतीस माणसं म्हणजे आठवड्याला तीन. केबिनमध्ये नको, केबिनमध्ये बोलावलं की माणूस पोटात गोळा घेऊन येतो. चहाच्या टपरीवर, नाहीतर स्टोअरमागच्या बाकावर.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ नंतर सुमारे २०,००० कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला मुलाखत घेणारे ठरावीक प्रश्न विचारायचे. कामगार प्रश्न सोडून भलतंच बोलायला लागत. मग त्यांनी पद्धतच बदलली: माणसाला हवं ते बोलू द्यायचं आणि आपण ऐकायचं. शंभर वर्षं होत आली, तरी नव्या सुपरवायझरला हेच आधी शिकावं लागतं.

मी चार गोष्टी विचारतो. आजकाल कुठल्या जॉबवर मजा येते? कुठला जॉब आला की नको वाटतं? माझ्याकडून काय राहतंय? वर्षभराने तुला काय करायला आवडेल? तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प बसायचं. पहिल्यांदा कुणीच काही सांगत नाही, "सगळं बरं आहे दादा" म्हणतात. दुसऱ्या फेरीत सांगतात, पहिल्या फेरीनंतर तुम्ही काय केलं ते बघून.

घरची अडचण निघाली, कर्ज, दारू, बायकोचं आजारपण, तर सल्ला द्यायची घाई करू नका. ऐका. तुमच्या हातात जे आहे, पाळी बदलणं, उचल मिळवून देणं, ते करा. आणि ती गोष्ट शॉपमध्ये कुणाच्याही तोंडून परत ऐकू आली नाही पाहिजे.

वयाने मोठ्या माणसांशी बोलताना जपा. तुम्ही सुपरवायझर असलात तरी वीस वर्षं जुन्या टर्नरला मामा किंवा काका म्हणत होतात ते म्हणत राहा. हुद्दा मिळाल्यावर एकेरीवर आलेले सुपरवायझर मी पाहिलेत. माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, हात आखडतात.

७. शाबासकी नेमकी, चूक बाजूला घेऊन

"छान काम, चालू ठेवा" याचा काही उपयोग नाही. "काल रात्री बोअरचं (भोकाचं) माप सरकतंय हे तुझ्या पन्नासाव्या पीसला लक्षात आलं आणि तू मशीन थांबवलंस, म्हणून दोनशे पीस वाचले" ही शाबासकी. नेमकी, चोवीस तासांच्या आत, सगळ्यांसमोर. पाळी सुरू होताना आमची पाच मिनिटांची उभी बैठक असते, तिथे रोज एकच अशी गोष्ट सांगतो. सांगण्यासारखं काही नसेल त्या दिवशी सांगत नाही. ओढूनताणून सांगितलेलं माणसांना लगेच कळतं.

चूक मात्र सगळ्यांसमोर कधीच नाही. आणि स्वतः येऊन "दादा, माझ्याकडून सहा पीस गेले" म्हणणाऱ्यावर आवाज चढवायचा नाही, तेव्हा पोटात कितीही ढवळून आलं तरी. त्याच्यावर ओरडलात तर पुढचे सहा पीस स्क्रॅपच्या ट्रॉलीत चिप्सखाली (धातूच्या किसाखाली) जातील आणि कारण तुम्हाला कधीच कळणार नाही.

महिन्याच्या उत्तम कामगाराबद्दल: आम्ही ते बंद केलं. एक जण खूश, तेहतीस जण हिशेब करत बसलेले. त्याऐवजी खंडेनवमीला, मशीनची पूजा असते त्या दिवशी, घरच्यांना शॉपमध्ये बोलावतो. झेंडूची तोरणं लावलेल्या मशीनशेजारी उभं राहून ऑपरेटर आपल्या मुलांना सांगतो, हे माझं मशीन, यावर हा पार्ट बनतो, हा ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये जातो. ग्राहकाकडून तयार गिअरबॉक्सचा एक नमुना आम्ही मागून आणला होता. आठ वर्षं तो पार्ट बनवणाऱ्या माणसाने तो कुठे बसतो हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ तो हात फिरवत उभा होता.

८. पुढची पायरी दिसू द्या

बऱ्याच शॉपमध्ये भिंतीवर स्किल मॅट्रिक्स (कुणाला कुठलं मशीन किती येतं याचा तक्ता) असतं. नावं उभी, मशीन आडवी, आणि चौकटीत चार भागांचं वर्तुळ: एक भाग भरला म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे स्वतंत्र करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. बहुतेक ठिकाणी तो कागद ऑडिटच्या आदल्या रात्री भरला जातो. तो खरा करा.

प्रत्येकाला विचारा की पुढच्या सहा महिन्यांत कुठला एक भाग भरायचा आहे. आठवड्यातले दोन तास त्या मशीनवर द्या. चौथा भाग भरलेल्याकडे एक शिकाऊ सोपवा. आणि मालकांशी बोलून ठरवून घ्या की तिसरा आणि चौथा भाग भरल्यावर पगारात किती फरक पडेल. रक्कम छोटी चालेल, पण आधी ठरलेली आणि लेखी हवी. हे न ठरवता शिकवायला लागलात तर माणूस तुमच्याकडे शिकून शेजारच्या गाळ्यात जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

एक हेल्पर, बारावी नापास, चिप्स गोळा करायला आला होता. त्याला ड्रॉइंग वाचायचं होतं. सेटरने जेवणाच्या सुट्टीत रोज दहा मिनिटं शिकवलं. आज तो सेटर आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी दुसरा कुणी बसलेला असतो.

९. ठेकेदाराची माणसं विसरू नका

एकाच मशीनवर दोन माणसं, एकाला गणवेश, दुसऱ्याला नाही. एकाला चहा कपात, दुसऱ्याला स्वतःचा ग्लास आणायचा. हे थांबवणं तुमच्या हातात आहे. बूट, चष्मा, पाणी, चहा, लॉकर, दिवाळीचा मिठाईचा बॉक्स सगळ्यांना एकच. ठेकेदाराकडून दर महिन्याला पीएफ आणि ईएसआय भरल्याची चलनं मागा आणि यादीत तुमच्या बाराच्या बारा जणांची नावं आहेत का ते बोटाने मोजा. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैपासून, वर्षातून दोनदा बदलतो. तो बदल त्यांच्या पगारात आला का हेही बघा. चौथ्या पायरीतल्या पगाराच्या बैठकीत त्यांनाही बसवा.

१०. जाणाऱ्या माणसाला नीट निरोप द्या

एवढं सगळं करूनही माणसं जातील. जास्त पगार मिळतो, गावी शेती बघायची असते, बायकोची बदली होते. राजीनामा आला की तोंड फिरवू नका. शेवटच्या दिवशी त्याच्या हातात हे असलं पाहिजे: अनुभवपत्र, शेवटच्या पगाराचा आणि शिल्लक रजेचा हिशेब, पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा अर्ज, आणि पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरल्याची खात्री. ही तारीख भरली नाही की पुढे पैसे काढताना किंवा खातं हलवताना माणूस अडकतो.

मग त्याच्याबरोबर चहा प्या आणि विचारा, आणखी काय केलं असतं तर थांबला असतास? ते वहीत लिहा, तारीख घालून. उत्तराचा रकाना त्याच्यासाठीही सोडायचा. वर्षभरापूर्वी एका सीएनसी ऑपरेटरने जाताना सांगितलं होतं की रात्रपाळी सलग दोन आठवडे नको, एक आठवडा करा. ते बसवायला आम्हाला चार महिने लागले. झाल्यावर मी त्याला फोन केला आणि सांगितलं की झालं. तो चाकणला होता, नव्या नोकरीत. पुढच्या महिन्यात त्याने आपल्या धाकट्या भावाला आमच्याकडे पाठवलं.

ते फिटर मामा मात्र परत आले नाहीत. त्यांच्या बाकावरचा पंखा मी दुसऱ्याच दिवशी बदलून घेतला. वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद त्यांचीच आहे.